डोहकरणीच्या आधीची गोष्ट

पिपरीतल्या आमच्या घराला दिवसा कडी लावायची पद्धत नव्हती. आई पहाटे सडा टाकायला दार उघडायची, ते बाबा झोपायला जाताना लोटायचे. मधल्या वेळात कोणीही यावं, ओट्यावर बसावं, चहा घ्यावा, नाहीतर सरळ स्वयंपाकघरात शिरून ‘थोडा सांबार दे वं’ म्हणत कोथिंबिरीच्या चार काड्या उचलून न्याव्यात. त्या साली गणपती उठले आणि आईनं भर दुपारी आतून कडी घालायला सुरुवात केली. वाऱ्यानं ती कडी हलली की बारीकशी खडखड व्हायची. तेवढ्यानंही पोळपाटावरचा आईचा हात थांबायचा. पितृपक्ष लागलेला होता, कौलांवर कावळे बसून असायचे, आणि आमच्या ओट्यावर कोणी येत नव्हतं.

घरात आम्ही पाच माणसं. बाबा वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकून. सायकलनं जायचे, संध्याकाळी डब्यात शेवचिवडा नाहीतर फल्लीदाणे घेऊन यायचे. आई. मी, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. माझ्यापेक्षा बराच लहान भाऊ बंडू. आणि बाबांची मोठी बहीण इंदूआत्या. आत्याला मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं होतं. मला कळायला लागलं तेव्हापासून ती आमच्याच घरात होती आणि गल्लीच्या टोकाला एका खोलीत बालवाडी चालवायची. उंच, काळीसावळी, कपाळ मोठं, आवाज खालच्या पट्टीतला आणि भरदार. ती पातोडीची भाजी करायची तेव्हा पाट्यावर मसाला वाटताना तिच्या बांगड्यांचा एक ठेका लागायचा, आणि त्या ठेक्यावर ती पुटपुटत गोष्टी घोळवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टी बालवाडीतल्या पोट्ट्यांच्या वाट्याला यायच्या. झणझणीत तर्रीचा वास आणि अर्धवट ऐकू येणारी गोष्ट, माझ्या डोक्यात या दोन्ही गोष्टी अजूनही एकमेकींना चिकटून आहेत.

त्या सगळ्या गोष्टींत आमच्या भागात प्रत्येकाला पाठ असलेली एक गोष्ट म्हणजे डोहकरणीची. नदीच्या डोहात एक बाई राहते. तिला स्वतःची सावली नाही, म्हणून ती काठावर खेळणाऱ्या पोरांच्या सावल्या चोरते. सावली गेली की पोर वाळत जातं, बोलेनासं होतं. शेवटी सात बहिणींतली धाकटी डोहात उतरते, पाण्याखालचा महाल शोधते, डोहकरणीला तिच्याच केसांनी बांधून मारते आणि सगळ्यांच्या सावल्या सोडवून आणते. मी ही गोष्ट आत्याकडून ऐकली, आत्यानं तिच्या आजीकडून. धाकटी बहीण पाण्यात उडी मारते तिथं आम्ही सगळी पोरं श्वास धरून बसायचो, आणि डोहकरीण मेली की ओरडायचो. डोहकरीण कोण, कुठली, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तो पडला वसंतामामाला.

वसंतामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो नागपूरला लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं करायचा. त्या उन्हाळ्यात लग्नसराई आटोपल्यावर तो खांद्यावर कॅमेरा अडकवून आमच्याकडे आला, आणि पहिल्याच जेवणात भाकरी मोडता मोडता त्यानं आत्याला विचारलं, ‘अक्का, थे डोहकरीण जन्मापासून डोहातच होती काय?’

‘मले काय माहीत बाप्पा,’ आत्या म्हणाली. ‘आजीनं सांगतलं तेवढंच मी सांगतो.’ (आमच्याकडे बायकाही ‘मी सांगतो’ असंच बोलतात. पुण्याकडून आलेल्या माझ्या सुनेला याचं अजून हसू येतं.)

‘आधी कोण होती, काऊन आली डोहात, कोणीच नाई सांगत. मी त्याचा सिनेमा काढून राह्यलो. गोष्टीच्या आधीची गोष्ट. अन् डोहकरीण तुम्ही.’

‘मी कायले? लोकाले तिचं मरण पाह्यले आवडते. तिचा जन्म कोण पाह्यते?’

पण ती नाही म्हणाली नाही. आता माझा नातू सांगतो की अशा सिनेमाला प्रीक्वेल म्हणतात आणि अर्धी दुनिया तेच काढत असते. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं होतं की घरात काहीतरी अचाट सुरू झालंय.

मामानं रचलेली गोष्ट साधी होती. डोहकरीण आधी नावाडीण असते, लोकांना नदीपार नेते. एका पुरात नाव उलटते, पोरं बुडतात, ती एकटी वाचते. गाव म्हणतं, हिनंच खाल्ली. गाव तिला हाकलतं आणि ती डोहात उतरते. डोह तिला आत घेतो, वाचवतो, पण मोबदल्यात तिची सावली ठेवून घेतो. पुढं पाण्याखालचा महाल, दिव्यासारखे मासे, पहाऱ्यावरची मगर, आणि शेवटी ती पहिल्यांदा काठावर येऊन एका पोराची सावली उचलते. आपल्या माहितीची गोष्ट जिथं सुरू होते, तिथं सिनेमा संपतो.

वैशाखाच्या उन्हात धाम नदी आटून खडकांत डबकी उरली होती, एक डोह मात्र हिरवागार भरलेला होता. तिथं आम्ही रोज जायचो. मगर सायकलच्या जुन्या ट्यूबांची आणि पोत्याची होती. ती पाण्यात उताणी व्हायची आणि सगळे हसून लोळायचे. पाण्याखालचा महाल दाखवायला मामानं माशांची काचेची पेटी भाड्यानं आणली. तिच्यात पाणी, चिमूटभर नीळ आणि दोन थेंब दूध टाकून ती कॅमेऱ्यापुढं ठेवली, आणि पेटीपलीकडं आत्याला चालायला लावलं. टीव्हीवर पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आत्या खरोखर खोल पाण्यातून चालत येत होती. हिरव्या रंगात बुडवलेला ताग तिच्या केसांत मी गुंफायची, डोळ्यांभोवती काजळ मीच भरायची. कामाला लागली की आत्या बोलायची थांबायची. मामा ‘झालं’ म्हणाला तरी ती लगेच परतायची नाही, थोडा वेळ तशीच उभी राहायची, पाण्याकडे बघत. एकदा मी तिचा हात धरला तर तो भर उन्हात गार लागला.

सावली उचलण्याच्या दृश्यासाठी मामानं गोलूला निवडलं. गोलू आमच्या शेजारचा, बालवाडीतला, गोबऱ्या गालांचा, आत्याच्या पदराला लोंबकळत फिरणारा. त्याचे वडील नामदेवभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी हसत परवानगी दिली, गोलूची आई रत्नाबाईनं त्याला नवा शर्ट घातला. सकाळच्या तिरप्या उन्हात गोलूची लांब सावली वाळूवर पडलेली असताना आत्या वाकली, आणि दोरीवरचं वाळलेलं लुगडं काढावं तशी दोन्ही हातांनी ती सावली ओढून घेतल्याचं तिनं केलं. मग आम्ही दुपारपर्यंत थांबलो. ऊन डोक्यावर आलं, सावली पायांखाली गेली, तेव्हा मामानं त्याच जागी गोलूला परत उभं केलं. दोन्ही तुकडे जोडले की पोर बिनसावलीचं. गोलू उन्हानं कंटाळला होता, त्याचं तोंड उतरलं होतं, आणि तेच मामाला हवं होतं.

गणपतीत, दिवेलागणीला, मंडळाच्या मांडवात टेबलावर रंगीत टीव्ही ठेवून तो सिनेमा दाखवला. सारी गल्ली चटया टाकून बसलेली. मगर आली तेव्हा हशा झाला. नाव उलटली तेव्हा बायकांनी च् च् केलं. पण आत्या काचेच्या पाण्यातून चालत आली, वेगळ्याच खोल आवाजात आपली सावली मागू लागली, तिथून मांडव गप्प होत गेला. शेवटी ती वाकली, गोलूची सावली उचलून खांद्यावर टाकली आणि वळून सरळ आमच्याकडे पाहिलं. मग तो गोलू, उन्हात उभा, खाली काहीच नाही. सिनेमा संपला, टीव्हीवर मुंग्या आल्या, आणि कोणी टाळी वाजवली नाही. गोलूची आजी सगळ्यांत पुढं बसली होती. ती उठली, तीनदा थुंकली आणि नातवाला पदराखाली झाकून घेऊन गेली. आत्या मागं खांबाला टेकून उभी होती. तिला पाहून चटया उचलणाऱ्या बायकांनी वाट बदलली. मामा मात्र खूष होता. ‘पायलं?’ मला म्हणाला. ‘कोणी बोलून नाई राह्यलं. लागला सिनेमा.’

दुसऱ्या दिवशी बालवाडीत निम्मी पोरं आली. त्या आठवड्याच्या शेवटी कोणीच आलं नाही. आत्या तरी रोज जायची, खोली झाडायची, पाटी-पेटी मांडायची, आणि दुपारी परत यायची. आमच्या फाटकाशी कोणी लिंबू कापून कुंकू भरून ठेवलं होतं. ते बाबांनी चपलेनं नालीत ढकललं आणि कोणाला सांगू नका म्हणाले. पण खरी गोष्ट घरातच घडली. बंडू लहानपणापासून आत्याजवळ झोपायचा. एका संध्याकाळी आईनं त्याची गोधडी उचलून आपल्या खाटेजवळ टाकली. आत्या तेव्हा निवडत असलेली अंबाडीची भाजी तशीच ठेवून उठली, आपली वळकटी उचलली आणि बाहेरच्या छपरीत नेऊन ठेवली. आई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली. भाकरीचा थप थप आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता. आई वाईट नव्हती. आत्याच्या आजारपणात तिनंच तिचं सगळं केलं होतं. पण भीती घरात शिरली की ती ओळखीची माणसंही बाजूला सारते, हे मी त्या संध्याकाळी पाहिलं.

आणि मग गोलूला ताप आला.

पहिल्यांदा सगळे म्हणाले, साथ आहे. मग भिंतीपलीकडून ऐकू आलं की तो ओकतोय, उजेड दिसला की किंचाळतोय, मान वळवत नाहीये. हे ऐकताच आत्यानं हातातलं काम टाकलं आणि त्यांच्याकडे गेली. मी मागोमाग होते. गोलूच्या घरातून मिरच्यांच्या धुराचा ठसका बाहेर येत होता. नदीपल्याडून एका भगताला आणलेलं होतं. आजी दारात आडवी उभी राहिली.

‘मान कडक झाली असन तं वेळ नका लावू,’ आत्या म्हणाली. ‘मोठ्या दवाखान्यात न्या त्याले. आत्ता न्या.’

‘तुले कसं ठाऊक मान कडक झाली म्हून?’ आजी म्हणाली. ‘आम्ही तं कोणाले सांगतलं नाई.’

दुसऱ्या दिवशी आत्या परत गेली. या वेळी नामदेवभाऊ स्वतः बाहेर आले. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, ‘बाई, तुम्ही आमच्या दारात पाय नका ठेवू. हात जोडतो.’ आत्या तशीच फिरली. घरी येऊन ती ओट्यावर बसली, आणि बराच वेळ नुसती तळहात पाहत राहिली. आत्यानं सांगितलेला प्रत्येक शब्द तिच्यावरच उलटत होता. तिला आजार कळला, कारण तो तिनंच दिला. ती दवाखान्यात न्या म्हणते, कारण पोर भगताच्या हातून सुटावं असं तिला वाटतं. बाबांनी संध्याकाळी नामदेवभाऊंशी बोलून पाहिलं, तर त्यांनी आतून दार लोटून घेतलं.

ते लोक आले ती दुपार होती. बाबा कचेरीत, बंडू झोपलेला, मामा पुढच्या खोलीत, आम्ही बायका आत. आधी पावलांचा आवाज आला, बराच, आणि कुणीच बोलत नव्हतं. मग कडी वाजली. मामानं दार उघडलं. अंगणात गल्लीतलीच माणसं होती, ज्यांच्या घरी आमच्या वाट्या जायच्या, त्यांच्या आमच्याकडे यायच्या. पुढं भगत होता, बुटका, गळ्यात माळांचा जुडगा. त्याच्या मागं नामदेवभाऊ, आणि त्यांच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला गोलू. गोलूचं डोकं मागं वळलेलं होतं, तोंड उघडं. जिवंत आहे की नाही, ते त्याच्याकडे पाहून सांगता येत नव्हतं.

भगत म्हणाला, बाईला बाहेर काढा. तिचे केस भादरून तिला नदीवर न्यायचं, पोराच्या पायाचं पाणी पाजायचं, तेव्हा ती घेतलेलं परत देईल. तो हे अगदी साध्या आवाजात बोलला, बाजाराचा भाव सांगावा तसा. त्याच्या मागं एकाच्या हातात वस्तरा होता. तो माणूस आमच्या गल्लीतला नव्हता.

मामा पुढं झाला. ‘थे खोटं हाय,’ तो म्हणाला, ‘नाटक हाय थे. मी केलं. सकाळी अन् दुपारी वेगवेगळं शूटिंग केलं, म्हून सावली दिसत नाई. हे पाहा,’ आणि त्यानं कॅसेट पुढं धरली. कोणीतरी ती त्याच्या हातून घेतली, उघडली, आणि आतली काळी फीत ओढत गेला. ती संपेचना. अंगणभर, चपलांखाली, तुळशीला गुंडाळून ती पसरत गेली. त्या सिनेमाची दुसरी कॉपी नव्हती. मामाच्या डोळ्यांसमोर त्याचा सिनेमा मातीत लोळत होता आणि तो त्याकडे पाहतही नव्हता. तो वस्तऱ्याकडे पाहत होता.

आईनं मला आत ओढलं आणि आत्याला म्हणाली, ‘अक्का, मागच्या दारानं निघा. निघा तुम्ही.’ तिनं आत्याचा हात धरला होता, कितीतरी दिवसांनी. आत्यानं तो हात हलकेच सोडवला. तिनं एकदा खिडकीतून बाहेर पाहिलं, अंगणाकडे नाही, वर. मग ती चालत दारात गेली. उंबऱ्यावर उभी राहून तिनं स्वतःच केस सोडले.

अंगणातली माणसं मागं सरकली.

‘हेच का थे?’ भगतानं विचारलं.

‘हेच,’ आत्या म्हणाली. तो तिचा रोजचा आवाज नव्हता. तो मांडवात ऐकलेला आवाज होता. ‘घेतली मी त्याची सावली. माह्याजवळ हाय.’

माझ्या मागं आईनं बंडू झोपला होता त्या खोलीचं दार ओढून घेतलं. मामा वळून आत्याकडे बघतच राहिला.

‘दे परत,’ भगत म्हणाला, पण त्याचा भाव सांगण्याचा आवाज गेला होता.

‘देतो. पण अठी नाई देता येत. सावली द्याले मोठा उजेड लागते. दवाखान्यात टेबलावर पांढरा दिवा असते ना, त्याच्या खाली पोराले निजवा. दिवस बुडायच्या आत. डाक्टर काय करते ते करू द्या त्याले, मी बाहेर बसून देतो. दिवस बुडला का मंग माह्या हातचं नाई.’

‘दवाखान्यात नेलं तं पोट्टं मरन,’ भगत म्हणाला. ‘हे फसवून राह्यली तुमाले.’

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. ‘तू कुठी उभा हायेस, थे पाह्य आधी,’ ती म्हणाली. ‘पायाखाली पाह्य आपल्या.’

भगतानं खाली पाहिलं. मग इतरांनीही पाहिलं, एकेकानं. आभाळ सकाळपासून भरून येत होतं आणि आता सगळीकडे एकच राखाडी उजेड होता. अंगणात कुणाचीही सावली पडलेली नव्हती. हे रोजचं आहे, ढग आले की होतंच, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत असणार. पण त्या क्षणी कुणाला ते सुचलं नाही. मलासुद्धा नाही. मी माझ्या पायांकडे पाहिलं, आणि तिथंही काही नव्हतं.

सगळ्यांत आधी रत्नाबाई हलली. ती गर्दीच्या मागं होती. पुढं येऊन तिनं नवऱ्याच्या खांद्यावरून गोलूला ओढून घेतलं आणि फाटकाकडे धावत सुटली. नामदेवभाऊ तिच्या मागं धावले. कोपऱ्यावर ऑटो मिळाला. आत्या त्यात बसली नाही; तिला त्यांनी बसूही दिलं नसतं. ती मामाच्या सायकलवर मागं बसून गेली, केस तसेच मोकळे.

पुढचं मी मामाकडून ऐकलं आणि थोडं स्वतः पाहिलं. दवाखान्यात गोलूच्या पाठीत सुई घालून पाणी काढलं. मेंदूच्या आवरणाला सूज होती. तरुण डॉक्टरनं नामदेवभाऊंना विचारलं, ‘इथं आणायला कुणी सांगितलं तुम्हाला?’ त्यांनी दाराबाहेर पाहिलं. आत्या बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिला कळत होतं की ही माणसं भेदरून आली आहेत, आणि थोडा उतार दिसला की पोराला उचलून परत नेतील. म्हणून ती तिथून हलली नाही. रोज संध्याकाळी रत्नाबाई बाहेर यायची, लांब उभी राहायची आणि विचारायची, ‘आली का?’ आणि आत्या सांगायची, ‘आज घोट्यापर्यंत आली.’ पुढं, ‘गुडघ्यापर्यंत आली.’ मी तिच्यासाठी भाकरी आणि झुणका घेऊन जायची. एकदा मी तिला म्हटलं, ‘आत्या, पूर्ण आली म्हणून सांगून टाक ना, घरी चल.’ ती म्हणाली, ‘इंजेक्शनं संपली नाईत अजून.’ गोलूला घरी सोडायचं म्हणून डॉक्टरांनी कागद दिला, त्या दिवशी तिनं रत्नाबाईला सांगितलं की सावली डोक्यापर्यंत आली. मग ती उठली. इतके दिवस जमिनीवर बसून तिचे गुडघे धरले होते. मी हात दिला.

गोलू वाचला. त्याचा एक कान मात्र गेला, त्या दुखण्यात तसं होतं. गल्लीत म्हणू लागले, तिनं थोडी सावली ठेवून घेतली.

परतल्यावर आम्हाला कोणी त्रास दिला नाही. तसं झालं असतं तर बरं, असं वाटण्याइतकी शांतता होती. नळावर आई गेली की बायका बाजूला होऊन तिची घागर आधी भरू द्यायच्या. किराणावाला बाबांना बाकीच्यांच्या आधी सामान बांधून द्यायचा. भगत पुन्हा दिसला नाही. बालवाडीवर दुसरी बाई आली. आत्या गल्लीतून निघाली की आयांचे हात पोरांच्या डोळ्यांवर जायचे. तिनं स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, आणि ते आता परत घेता येण्यासारखं नव्हतं. घेतलं असतं तर गोलूला वाचवलं कुणी, आणि कशानं, हे सगळं पुन्हा मांडावं लागलं असतं, आणि ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

दिवाळीच्या आधी बाबा तिच्याजवळ येऊन बसले. ‘अक्का, काही दिवस आष्टीच्या घरी जाऊन राहाय. थंडावलं का मी घ्याले येतो.’ आष्टीला आजोबांची एक खोली आणि बोरीचं झाड होतं. आत्या म्हणाली, ‘येजो.’ तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. बस सुटताना बंडू रडला. आई रडली नाही, पण तिनं डब्यात दशम्या आणि मुगवड्यांचं कालवण भरून दिलं होतं आणि खिडकीतून दोनदा सांगितलं, गरम आहे, जपून. बाबा आत्याला घ्यायला गेले नाहीत. कधी काम निघालं, कधी माझं लग्न, कधी बंडूची परीक्षा. वसंतामामानं पुन्हा सिनेमा केला नाही. नागपूरला जाऊन लग्नंच शूट करत राहिला, आणि त्याच्याकडच्या लग्नांच्या कॅसेटमध्ये दुपारचं ऊन कधी दिसायचं नाही.

मी आत्याकडे पुष्कळ वर्षांनी, दोन मुलांची आई झाल्यावर गेले. बाजाराचा दिवस होता. खोलीच्या बाहेर बायका बसल्या होत्या, मांडीवर पोरं घेऊन. पिपरीची गोष्ट आष्टीला कधीच पोचली होती. आत्या दारात बसून एकेकीला बोलवत होती. ‘डाक्टरची चिठ्ठी कुठी हाय?’ ‘नाई आणली.’ ‘मंग जाय. चिठ्ठी आण, गोळ्या आण, मंग उतरवतो.’ जिच्याकडे गोळ्या होत्या तिच्या पोराच्या डोक्यावरून ती हात फिरवायची आणि काहीतरी पुटपुटायची. ती बाई पदर सावरून पाठ न दाखवता मागं मागं जायची. कुणी तिच्या माठातलं पाणी पीत नव्हतं. माझ्यासमोर तिनं चहा ठेवला तेव्हा बाहेरच्या बायका टक लावून बघत होत्या, मी पिते की नाही.

मी प्याले. मग विचारलं, ‘आत्या, त्या दिवशी दुसरं काही सांगता आलं नसतं का?’

‘दुसरं सांगाले दोनदा गेलती ना मी.’ ती थकली होती, केस पांढरे झाले होते, आवाज मात्र तसाच. मग म्हणाली, ‘तुले एक सांगतो, कोणाले बोलजो नको. मी लय मोठ्यानं म्हटलं होतं त्या दिवशी. घेतली म्हून. खोटं बोलाले गेली अन् थे असं बाहेर पडलं, जसं खरंच. आता हे पोट्टे येतात ना उन्हात, यांच्या सावल्या पडतात अठी दारात. मले वाटते, वाकली अन् धरली, तं येईन हातात.’

ती हसेल म्हणून मी वाट पाहिली. ती हसली नाही. बाहेर उन्हं कलली होती. एक बाई चिठ्ठी घेऊन पुढं आली आणि तिच्या कडेवरचं पोर खाली उतरलं. त्याची सावली लांब होत उंबरा ओलांडून आत आली, आत्याच्या पायांपर्यंत. आत्यानं पाय आखडून घेतले, लुगड्याखाली झाकले, आणि दोन्ही हात काखेत दाबून धरून त्या बाईला म्हणाली, ‘तिकडून ये. भिंतीकडून.’